वडिलांचा रकाना

बेगिमायने कानांतले डूल काढून जेवणासाठी जमिनीवर अंथरलेल्या दस्तरखानावर ठेवले, जर्दाळूच्या मुरंब्याच्या वाटीशेजारी. काढ असं तिला कुणी म्हटलं नव्हतं. तीन महिन्यांपूर्वी तिच्या होणाऱ्या सासूने याच खोलीत बसून ते तिच्या कानांत घातले होते, आणि आमच्याकडे मुलीच्या कानांत डूल पडले की लग्न ठरलं म्हणून गावभर सांगायला मोकळं. आज पाहुणे नुसती तारीख काढायला आले होते. मेंढी कापली होती, कणकेचे बोर्सोक तळून ढीग लावला होता, बेगिमायच्या वडिलांनी, अकमातने, बटाट्याची काढणी अर्धी टाकून अंगावर नवा कोट चढवला होता. सगळं सुरळीत चाललं होतं आणि मध्येच मुलाचा काका जूनुश मोबाइल काढून बसला.

जूनुश वाईट माणूस नाही. फक्त प्रत्येक गोष्ट तपासून बघायची त्याला खोड आहे. बाजारात दहा टरबुजांवर टकटक करून अकरावं घेणाऱ्यांतला तो. त्याने वंशावळीची वेबसाइट उघडली, एका चौकटीत पुतण्याचं, तिलेकचं, नाव लिहिलं, दुसऱ्या चौकटीत बेगिमायचं, आणि पडद्यावर जे आलं ते सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचलं.

"सामाईक पूर्वज काल्दार. मुलाकडून आठवा, मुलीकडून सातवा. विवाह वर्ज्य."

सात पिढ्यांच्या आत बाप एक निघाला तर मुलगा-मुलगी भाऊबहीण, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मुलीकडून सातवा म्हणजे आतच. तिलेकच्या आईने मान फिरवली. तिलेक पांढराफटक पडला होता. तो काही बोलायला गेला, तर जूनुशने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवून त्याला गप्प बसवलं. पाहुणे मांसाला हात न लावता उठले. आमच्या भागात एखाद्याचा याहून मोठा अपमान करायचा म्हटला तरी सुचायचा नाही, आणि त्यांना तर तो करायचाही नव्हता.

पाहुण्यांची गाडी वळणावर दिसेनाशी झाली तेव्हा घरातल्या सगळ्यांनी कानिशायकडे पाहिलं. कानिशाय ही बेगिमायची थोरली बहीण, तिची एजे. ती वेबसाइट तिनेच तर बांधली होती.

कानिशाय राजधानीत, बिश्केकमध्ये, दोन खोल्यांच्या एका ऑफिसात काम करायची. दवाखान्यांच्या, खतांच्या दुकानांच्या, एका कुस्तीच्या आखाड्याच्याही वेबसाइटी तिने केल्या होत्या. दोन वर्षांपूर्वी कुळातल्या आपल्या शाखेच्या वडीलधाऱ्यांचं मंडळ तिच्याकडे आलं: आपली वंशावळ वेबवर चढवायची आहे, अर्धीमुर्धी कुणीतरी चढवलीय, तू नीट लाव. तिने ती अर्धीमुर्धी उघडून पाहिली आणि कपाळावर हात मारून घेतला. आधीच्या माणसाने तयार मिळालेल्या वेबसाइटीत हात न घालता प्रत्येक पूर्वज 'बातमी' म्हणून टाकला होता. अठराव्या शतकातला काल्दार 'ताज्या बातम्यां'त झळकत होता, खाली 'तुमची प्रतिक्रिया नोंदवा' असंही होतं, आणि कुणीतरी ती नोंदवलीही होती.

तिने सगळं उकलून पुन्हा लावलं. वेबसाइटीला पान ठाऊक होतं, बातमी ठाऊक होती. तिने तिला तिसरा प्रकार शिकवला, 'माणूस'. माणसाला रकाने दिले: नाव, वडील, जन्मसाल, गाव, शाखा. वडिलांच्या रकान्यात काही लिहिता यायचं नाही. तिथे आधी नोंदलेल्या माणसांतूनच एकजण निवडायचा, म्हणजे कडीला कडी आपोआप अडकत जाते. हा रकाना रिकामा ठेवला तर नोंद पुढे सरकायचीच नाही. बापाशिवाय माणूस कसा असेल, असा तिचा साधा हिशेब होता. गावोगावच्या पोरापोरींनी वर्षभर नोंदी भरल्या. अकरा हजार माणसं गोळा झाली.

मग तिने ते पान बांधलं. दोन नावं घाला, ते दोघांच्या बापांवरून वर चढत जातं, जिथे वाटा मिळतात तिथे थांबतं आणि मोजून सांगतं. लोक त्याला 'सात बापांचं पान' म्हणायला लागले. सोयरीक जुळवताना मोबाइल बाहेर निघू लागले. मंडळाने कानिशायच्या अंगावर मानाचा मखमली झगा घातला, तो फोटो अकमातने दिवाणखान्यात लावला आणि येईल त्याला दाखवत सुटला. जूनुशने मोबाइल काढला तेव्हा त्याची पाठ त्या फोटोलाच लागून होती.

त्या संध्याकाळी बेगिमायने कानिशायला गोठ्यामागे गाठलं. रडून झालं होतं, आता ती नुसती तापलेली होती.

"एजे, तुझ्याकडे पासवर्ड आहे ना?"

"आहे."

"मग मध्ये एक नाव घाल. कुणाचंही. मेलेल्या माणसाला विचारायला कोण जातंय?"

कोणी, कधी, काय बदललं ते सगळं तिथे राहतं, असं कानिशायने सांगितलं. बेगिमाय म्हणाली, मग तेही पूस, तुला सगळं येतं. चार वर्षं तिने तिलेकची वाट पाहिली होती. तो सैन्यात गेला, मग रशियात कझानला बांधकामावर गेला, परत आला, आणि आता एक तारखेला पुन्हा जाणार होता. लग्न होऊन दोघं जायची होती. नाहीतर तो एकटा जाईल आणि मग येणार नाही, हे बेगिमायला पक्कं ठाऊक होतं, कारण तो तसं म्हणालाच होता.

"आणि तो खरंच भाऊ निघाला तर?" कानिशायने विचारलं.

"निघाला तर विसरीन त्याला. दगड होऊन विसरीन. पण तू आधी स्वतःच्या डोळ्यांनी बघून मला सांग. तुझ्या त्या पानाने सांगितलं म्हणून नको."

कानिशायला तिचा राग आला नाही. स्वतःचाच आला. एक खोटं नाव घालायला अर्धं मिनिट पुरलं असतं आणि तिच्या बोटांना तशी शिवशिव सुटलीही होती, हे तिने कुणाला सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात जाऊन तिने कडीन् कडी तपासली. बेगिमायपासून वर: अकमात, ओस्मोन, तोकोय, बैगाझी, शामिरकान, एल्चिबेक, काल्दार. सात. तिलेकपासून काल्दारपर्यंत आठ. दोन्हीकडचं इमानकुल आबांच्या हस्तलिखित वह्यांशी ताडून पाहिलं. इमानकुल आबा इतिहासाचे निवृत्त मास्तर. आख्ख्या शाखेची वंशावळ त्यांना तोंडपाठ होती आणि वेबसाइटीवर गेली ती त्यांच्याच वह्यांतून. कुठे काना-मात्रेचा फरक नव्हता. तिने निराश होऊन पडद्यावरचं पान बंद करायला हात पुढे केला, तेव्हा सालांवर तिची नजर गेली. ओस्मोन, जन्म १९०३. अकमात, जन्म १९६१.

वडील जन्मले तेव्हा आजोबा अठ्ठावन्न वर्षांचे. हे तिने आजवर शंभर वेळा पाहिलं असेल. होतात काही काही म्हातारे उशिरा बाप. पण किती? तिने वेबसाइटीत साधा शोध घेतला: ज्यांच्या जन्माच्या वेळी वडिलांनी पंचावन्न ओलांडली होती, असे सगळे 'माणूस' दाखव. दहा-पंधरा निघतील असं तिला वाटलं होतं. तीनशे बारा निघाले.

तिने यादी गावांनुसार लावली, मग शाखेनुसार, मग सालानुसार. कुठल्याही बाजूने लावली तरी गोष्ट एकच होती. म्हाताऱ्या बापाच्या प्रत्येक शेंडेफळाच्या डोक्यावर वीस-बावीस वर्षांनी मोठा एक भाऊ होता. मधे कुणी नाही, किंवा असलेच तर ते कधीचेच वाढलेले. ती काय बघत होती ते आमच्यातल्या कुणालाही सांगावं लागणार नाही. थोरल्या मुलाचं पहिलं मूल आजी-आजोबांच्या मांडीवर द्यायचं, ही आमची रीत. ते मग त्यांचंच. आजोबांना ते बाप म्हणतं, आजीला आपा, म्हणजे आई, आणि जन्म दिलेल्या बापाला बाइके, म्हणजे थोरला भाऊ. तिच्या वर्गातच अशी पाच-सहा मुलं होती. हे सगळं तिला पक्कं माहीत असताना तिने वडिलांचा एकच रकाना केला होता आणि तो सक्तीचा ठेवला होता. फॉर्मने विचारलं वडील कोण, आणि लोकांनी जसे जगले तसं सांगितलं.

आणि मग, सगळ्यात शेवटी, तिने ओस्मोन आजोबांच्या पानावरचा मुलगे हा रकाना वाचला. सादिर, १९४१. अकमात, १९६१.

सादिर शेजारच्याच अंगणात राहायचे. त्र्याऐंशी वर्षांचे, एकटे. बायको वारली, पाच मुली लग्न होऊन गेल्या. अकमात त्यांना बाइके म्हणायचा, पोरी आबा म्हणायच्या. मेंढी कापली की सगळ्यात मानाचं हाड अकमात आधी त्यांच्या ताटात ठेवायचा. थोरल्या भावाचा मान आहे, असं कानिशाय लहानपणापासून समजत आली होती.

ती थेट इमानकुल आबांकडे गेली. त्यांनी तिचं सगळं ऐकून घेतलं आणि चहात साखर ढवळत राहिले. त्यांना काडीचंही नवल वाटलेलं दिसलं नाही.

"तुमच्या घरचं मला साठ वर्षं ठाऊक आहे," ते म्हणाले. "बेगिमायची सोयरीक निघाली तेव्हा मी मनात मोजलंसुद्धा. आठ. म्हणून तर गप्प राहिलो."

"वहीत सात का लिहिले मग?"

"लोकांसमोर मोजायचं ते वेगळं गं, आणि लग्न जुळवताना मनात मोजायचं ते वेगळं. पूर्वी म्हाताऱ्याला विचारल्याशिवाय कुणी डूल घालत नसे. आता तुझ्या पानाला विचारतात. त्याला मन कुठलं?"

मग तुम्ही जूनुशला सांगा, असं ती म्हणाली, तर आबांनी कानांवर हात ठेवले. मांडीवर दिलेल्या पोराला, तुझा बाप तो नव्हे, असं परक्याने सांगायचं नसतं. ज्याने दिलं तो सांगू शकतो, नाहीतर ज्याला दिलं तो. बाकी सगळ्यांनी मूग गिळून बसायचं. कानिशाय चिडून म्हणाली, तीनशे बारा घरं आहेत, आणि तुमच्या या मूग गिळण्यापायी माझ्या बहिणीचं लग्न मोडलंय. आबा म्हणाले, तुझ्या रकान्यापायी मोडलंय. दोघांचंही खरं होतं, त्यामुळे भांडण पुढे गेलं नाही.

जूनुशला तिने फोन केला. त्याने शांतपणे ऐकलं.

"वेबसाइट तुझी," तो म्हणाला. "लग्न तुझ्या बहिणीचं. आणि चूक सापडली तीही मोजून एका पिढीची. पोरी, मी एवढा भोळा दिसतो का तुला?"

कालच एक खोटं नाव घालायचं कानिशायच्या मनात आलं होतं. आता खरं नाव हाती लागलं आणि ते खोट्यासारखंच दिसत होतं.

"तुझ्या वडिलांना घेऊन ये," तो म्हणाला. "माझ्यासमोर बसून त्यांनी आपले सात बाप मोजावेत. पडद्यावरचं मला काही नको."

शुक्रवारी ती बसने गावाजवळच्या कोचकोरला उतरली आणि गावी गेली. घरी न जाता आधी सादिर आबांच्या अंगणात शिरली. ते ओट्यावर बसून बटाटे निवडत होते, बियाणं एका बाजूला, खायचे एका बाजूला. तिने आडवळणं न घेता विचारलं. त्यांचा हात थांबला नाही.

"आईच्या मांडीवर ठेवला तेव्हा चाळीस दिवसांचा होता," ते म्हणाले. "आई म्हणाली, सादिर, आजपासून हा तुझा भाऊ. पुन्हा तोंडातून मुलगा निघता कामा नये. मी हो म्हटलं."

"आबा, बेगिमायचं लग्न आहे."

"तुझ्या आजीला दिलेला शब्द आहे. दिलेलं परत मागतात का? मोजणीपुरतं म्हणून मागायचं, आणि मग?" त्यांनी एक किडका बटाटा लांब भिरकावला. "नंतर पाचही मुलीच झाल्या. तेव्हा नाही मागितला. आता काय मागू?"

घरी वडिलांचा तर पारा चढला. अकमात तसा गरीब माणूस, मुलींवर त्याने कधी आवाज चढवला नव्हता. पण कानिशायने तोंड उघडल्याबरोबर तो उठून उभा राहिला. माझा बाप ओस्मोन, म्हणाला. त्याने मला पहिल्यांदा घोड्यावर बसवलं, तो गेला तेव्हा खांदा मी दिला, मुलगा म्हणून दारात उभं राहून आकांत मी केला. साऱ्या गावाने ऐकलाय तो. आता मी मोबाइलमध्ये बघून बाप बदलू?

"कुणी त्यांना काढून घेत नाही," कानिशाय म्हणाली.

"तुझा रकाना घेतोय ना. एकच आहे म्हणालीस."

बेगिमाय दाराआड उभी होती, डोक्याच्या रुमालाच्या टोकाने हात पुसत, हात कधीच कोरडे झालेले असताना. कानिशायला काय सुचलं कोण जाणे, तिने सादिर आबांचं पान उघडलं आणि मोबाइल वडिलांपुढे धरला. अकमातने चष्मा लावला आणि ओठ हलवत वाचलं. सादिर, ओस्मोनचा. जन्म १९४१. मुलगे: नोंद नाही. शाखा समाप्त.

ते शेवटचे दोन शब्द कुणी लिहिलेले नव्हते. मुलग्यांचा रकाना रिकामा असला की ते आपोआप उमटायचे. तशी सोय कानिशायनेच केली होती, ऑफिसात चहा पीत, यादी नीटनेटकी दिसावी म्हणून. वडिलांना वाचताना बघून तिला स्वतःची लाज वाटली. अकमातने दोनदा वाचलं. मग मोबाइल पालथा ठेवला, जुना कोट चढवला आणि बटाट्याच्या शेतात निघून गेला.

"त्यांना ठाऊक आहे," भांडी आवरता आवरता आई, जीपार, म्हणाली. "सात वर्षांचे होते तेव्हापासून. शाळेत कुणी चिडवलं होतं. लग्नाच्या वर्षी मला एकदाच सांगितलं, पुन्हा विषय काढला नाही." मग थोड्या वेळाने म्हणाली, "पण ते खालचं त्यांनी पाहिलं नव्हतं गं. शाखा समाप्त ते."

रविवारी सकाळी अकमात नवा कोट घालून शेजारच्या अंगणात गेला. बाइके, चला, पाहुण्यांकडे जायचंय, एवढंच म्हणाला. गयावया करायला नेतोय असं समजून सादिर आबांनी आपली उंच पांढरी टोपी झटकली आणि गाडीत बसले. कानिशायने गाडी चालवली. मागच्या सीटवर आईने रुमालात बांधून दिलेले डूल होते. वाटेत एकदा अकमातने विचारलं, बाइके, काच लावू का, गार वारा लागतोय, आणि आबा म्हणाले, राहू दे.

जूनुशकडे दस्तरखान अंथरलेलं होतं, पण पाहुण्यांसाठी अंथरतात तसं नव्हे. भाकरी, लोणी, चहा. तिलेक कोपऱ्यात बसला होता. त्याने मान वर करून कानिशायकडे पाहिलं ते असं, की आता हिच्या हातात आहे सगळं. तिच्या हातात काही नव्हतं. अकमातने रुमाल सोडून डूल मधोमध ठेवले.

"हे तुमचे," तो म्हणाला. "माझं मोजून झालं की घ्यायचे की द्यायचे ते तुम्ही ठरवा."

जूनुशने मान हलवली. तोही जरा वरमला होता. त्रेसष्ट वर्षांच्या माणसाला शाळकरी पोरासारखं सात बाप म्हणून दाखवायला लावणं त्यालाही जड जात असावं. अकमातने दोन्ही तळवे गुडघ्यांवर ठेवले. लहानपणी असंच बसवून ओस्मोनने त्याच्याकडून ही नावं घोकून घेतली होती, चुकला की कान पिळून. पहिलं नाव ओस्मोन, हे त्याच्या जिभेवर छप्पन्न वर्षं बसलेलं होतं. जूनुशची बायको चहा ओतायची थांबली.

"सादिर," अकमात म्हणाला. "सादिरचा ओस्मोन. ओस्मोनचा तोकोय. तोकोयचा बैगाझी. शामिरकान. एल्चिबेक. काल्दार."

सात त्याचे, मुलीचे आठ. जूनुशने बोटांवर मोजलं, पुन्हा एकदा मोजलं, आणि सादिर आबांकडे वळला. आबांच्या हातातली चहाची वाटी तिरपी झाली होती आणि चहा दस्तरखानावर सांडत होता. कुणीही तो पुसायला पुढे झालं नाही.

"आबा," जूनुश अदबीने म्हणाला, "हे खरं?"

आबा जमिनीकडे बघत होते. कानिशायला वाटलं, हे आता नाही म्हणतील. साठ वर्षांहून जास्त सांभाळलेला शब्द आहे, नाही म्हणतील आणि त्यात त्यांची चूकही नसेल.

"मी दिला होता," आबा म्हणाले.

बस्स, एवढंच. तिलेकच्या आईने हात पुढे करून डूल उचलले, रुमालात गुंडाळले आणि स्वतःच्या कमरेला खोचले. गुरुवारी मीच येऊन घालीन, म्हणाली. तिलेक उठून बाहेर गेला, आणि खिडकीतून तो अंगणात तोंडावर गार पाणी मारून घेताना दिसला. मग मात्र जूनुशने बायकोला आवाज देऊन मांस चढवायला सांगितलं.

त्या आठवड्यात कानिशायने ऑफिसात दुसरं काही केलं नाही. 'माणूस' या प्रकाराला एक रकाना वाढवला: कुणाच्या मांडीवर वाढला. मोजणी जन्माच्या वाटेने वर चढेल, आणि मांडीवर वाढलेल्याचं नाव आजोबांच्या पानावरही राहील, अशी तजवीज केली. ओस्मोनच्या पानावर अकमात पुन्हा दिसू लागला तेव्हा तिने वडिलांना फोन करून सांगितलं. बरं झालं, म्हणाले, आणि फोन ठेवला. मग तिने तीनशे बाराची यादी पुढ्यात घेतली आणि एकेका घरी फोन लावायला लागली. पहिल्या माणसाने तिचं बोलणं कळताच फोन कापला. दुसरी एक बाई रडायला लागली. तिसऱ्याने सांगितलं, माझ्या नोंदीला बोट लावलंस तर ऑफिसात येऊन दाखवीन. चौथ्या घरी कुणी उचललाच नाही, आणि तिला हायसं वाटलं.

लग्नाच्या आदल्या शनिवारी ती गावी आली तेव्हा सादिर आबांनी तिला अंगणातून हाक मारली. त्यांना बारीक अक्षर दिसत नव्हतं.

"माझं पान दिसतं का त्यात? वाच."

ती ओट्यावर त्यांच्याशेजारी बसली. "सादिर, ओस्मोनचा," तिने वाचलं. "जन्म १९४१. मुलगे: अकमात." खालचे दोन शब्द आपोआप गेले होते.

"पुन्हा वाच."

तिने पुन्हा वाचलं. तिसऱ्यांदा त्यांनी सांगितलं नाही. थोडा वेळ ते काठीच्या मुठीवरून अंगठा फिरवत बसले.

"आता ऐक," ते म्हणाले. "उद्याचं लग्न नीट होऊ दे. पाहुणे गेले, पोरगी कझानला पोहोचली, की ते पहिल्यासारखं करून टाक. आईला शब्द दिलाय मी. तिकडे गेल्यावर तोंड दाखवायचंय मला."

पहिल्यासारखं केलं तर ते पान नवरानवरीला पुन्हा भाऊबहीण म्हणेल, हे त्यांना कसं सांगायचं ते कानिशायला कळेना. फाटकाशी खुडबुड झाली म्हणून तिने पाहिलं, तर वडील उभे होते, खांद्यावर बियाण्याच्या बटाट्यांचं पोतं. केव्हा आले होते कोण जाणे. त्यांनी पोतं भिंतीशी टेकवलं आणि तळहात कोटाला पुसले.

"राहू दे तसंच," अकमात म्हणाला.

पुढे आणखी एक शब्द यायचा होता. कानिशायने त्याची वाट पाहिली. सादिर आबांनीही पाहिली. त्यांचा अंगठा मुठीवर थांबला होता. अकमातचे ओठ उघडले, मिटले. जीभ वळली नाही.

"राहू दे, बाइके," तो म्हणाला.